रखडलेली पीएच.डी.: बिघाड नेमका कुठे आहे, ते आधी शोधा

लक्षणं

खालच्यापैकी तीन-चार गोष्टी तुम्हाला लागू होत असतील, तर तुमचं संशोधन सावकाश चाललेलं नाही, ते थांबलेलं आहे.

- सहामाही प्रगती अहवाल लिहिताना मागचाच अहवाल उघडता आणि तारीख बदलता.
- ‘डेटा गोळा झालाय, फक्त लिहायचं राहिलंय’ हे वाक्य मागच्या दिवाळीतही म्हटलं होतं.
- झेरॉक्सचे गठ्ठे वाढताहेत, पहिल्या प्रकरणाची पानं मात्र तेवढीच आहेत.
- विषयाचं शीर्षक तोंडपाठ आहे, पण ‘तुम्ही नक्की काय शोधताय?’ असं कुणी विचारलं की उत्तर लांबत जातं.
- गाईडचा फोन आला की आधी उचलावासा वाटत नाही, मग दिवसभर रुखरुख लागून राहते.
- घरात कुणी ‘कधी होणार?’ विचारेल म्हणून नातेवाइकांच्या लग्नाला जाणं टाळता.

सोलापुरातल्या एका महाविद्यालयाचं संशोधन केंद्र मी सांभाळते. माझ्याकडे येणारे बहुतेक संशोधक नोकरी करून पीएच.डी. करणारे असतात: कनिष्ठ महाविद्यालयातले शिक्षक, तासिका तत्त्वावर शिकवणारे, बार्शी-मंगळवेढा-अक्कलकोटहून शनिवारी एसटीनं येणारे. बहुतेकांचं पहिलं वाक्य एकच असतं, ‘मॅडम, वेळच मिळत नाही.’ ते खोटं नसतं. पण फाईल उघडून बसलं की दिसतं, काम एका जागी अडलेलं असतं आणि अडण्याचं कारण दुसरीकडेच असतं. ‘लिखाण होत नाही’ म्हणणाऱ्याची प्रश्नावली चुकलेली निघते. ‘गाईड बघत नाहीत’ म्हणणाऱ्याने वाचण्यासारखं एकही पान पाठवलेलं नसतं. ‘वाचन अपुरं आहे’ म्हणणाऱ्याकडे प्रश्नच नसतो, त्यामुळे कुठलं वाचन पुरे झालं हे ठरवायला आधार राहत नाही.

म्हणून एकदम विषय बदलू नका, गाईड बदलू नका, नोकरी सोडू नका. या तिन्हींत महिनेच्या महिने जातात आणि बिघाड दुसरीकडे असेल तर तो तसाच राहतो. खाली दिलेल्या क्रमानेच जा. सुरुवातीच्या तपासण्यांना पैसे लागत नाहीत, आणि पुष्कळ जणांचा अडथळा तिथेच सापडतो.

तपासणी १: तारखा

प्रवेशाचं पत्र, नोंदणीचं पत्र, कोर्सवर्कचा (सुरुवातीच्या सक्तीच्या अभ्यासक्रमाचा) निकाल, संशोधन सल्लागार समितीच्या म्हणजे आरएसीच्या बैठकांची इतिवृत्तं, मुदतवाढ मिळाली असेल तर ते पत्र, हे सगळं एका फायलीत लावा आणि सगळ्या तारखा एका कागदावर उतरवा. एका संध्याकाळचं काम आहे.

हे आधी का, तर मुदत कुठून मोजायची यातच गफलत झालेली असते. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, नोव्हेंबर २०२२च्या नियमावलीनुसार पीएच.डी.चा कालावधी कोर्सवर्क धरून किमान ३ वर्षं आणि प्रवेशाच्या तारखेपासून जास्तीत जास्त ६ वर्षं आहे. अनेक जण विषय मंजूर झाल्याच्या पत्रापासून मोजतात. प्रवेश आणि विषयमंजुरी यांच्यात बरेच महिने गेलेले असतात, आणि ते महिने तुमच्याच मुदतीतले असतात.

सहा वर्षांनंतर पुनर्नोंदणी करून आणखी जास्तीत जास्त २ वर्षं मिळू शकतात, एकूण ८. महिला संशोधकांना आणि ४० टक्क्यांहून अधिक दिव्यांगत्व असलेल्यांना त्यावर आणखी २ वर्षांची सवलत देता येते, म्हणजे एकूण १०. महिलांना संपूर्ण कालावधीत एकदा २४० दिवसांपर्यंत प्रसूती किंवा बालसंगोपन रजा मिळू शकते. ही रजा माहीत नसल्यामुळे बाळंतपणानंतर ‘आता जमणार नाही’ म्हणून संशोधन सोडायला निघालेल्या मुली मी पाहिल्या आहेत. त्यांना मी सगळ्यात आधी हेच कलम वाचायला देते. यातलं काहीही आपोआप मिळत नाही. अर्ज मुदत संपायच्या आत करा. तुमची नोंदणी २०२२च्या नियमावलीआधीची असेल, तर तुम्हाला २००९ किंवा २०१६ची नियमावली लागू होते. मित्राला मिळालेली मुदत तुम्हालाही मिळेल असं धरू नका.

शिष्यवृत्तीवर असाल तर आणखी एक तारीख लिहा. यूजीसीची फेलोशिप जेआरएफची (कनिष्ठ) २ आणि एसआरएफची (वरिष्ठ) ३ अशी एकूण ५ वर्षं चालते. मुदत सहा वर्षांची असली तरी पैसे पाच वर्षांनी थांबतात. त्या शेवटच्या वर्षात नोकरी शोधत थिसिस लिहावा लागतो, आणि गाडी नेमकी तिथेच अडते.

आता शेवटच्या तारखेपासून मागे मोजत या. सबमिशनपूर्वी आरएसीसमोर सादरीकरण, तिथे सुचवलेल्या दुरुस्त्या, साम्य तपासणी (मजकूर दुसरीकडून उचललेला नाही ना याची), ना-देय दाखले, शुल्क, बाइंडिंग. माझ्या हिशेबात मुदतीचे शेवटचे सहा महिने लिखाणाचे नसतातच, ते या कामांचे असतात. या कागदावर जी तारीख येईल, ती तुमची खरी मुदत.

तपासणी २: फाईल कुणाकडे आहे?

थिसिसची मूळ, दुरुस्त करता येणारी फाईल या क्षणी तुमच्या स्वतःच्या संगणकात आहे का? मराठीतून प्रबंध लिहिणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांचं उत्तर ‘डीटीपीवाल्याकडे आहे’ असं येतं. हातात फक्त छापील पानं किंवा पीडीएफ असते. मग एक परिच्छेद वर-खाली करायचा तरी दुकानात जावं लागतं, तिथे परीक्षेचे पेपर आणि लग्नपत्रिकांची गर्दी असते, आणि दुरुस्ती चार दिवस लांबते. असं दोन-तीनदा झालं की माणूस दुरुस्त्या करणंच टाळू लागतो. बाहेरून हे ‘लिहायला सुचत नाही’ असं दिसतं. दोष मात्र टायपिंगच्या व्यवस्थेत असतो.

दुसरी अडचण फाँटची. श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या पद्धतीत टाईप केलेला मजकूर आपल्याला मराठी दिसतो, संगणकाच्या लेखी मात्र ती रोमन अक्षरं आणि चिन्हं असतात. त्यामुळे फायलीत एखादा शब्द शोधता येत नाही, दुसऱ्या संगणकावर फाँट नसेल तर सगळं अगम्य दिसतं, आणि साम्य तपासणीच्या सॉफ्टवेअरला त्यातून अर्थपूर्ण काही वाचता येत नाही. शेवटच्या महिन्यात हे कळलं की सबंध प्रबंध युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही संगणकाला वाचता येणाऱ्या पद्धतीत, आणावा लागतो. रूपांतर करणारी साधनं आहेत, पण रूपांतरात ऱ्हस्व वेलांटी सरकते, रफार हरवतो, जोडाक्षरं तुटतात, आणि मग तीनशे पानं डोळ्यांखालून घालावी लागतात.

उपाय साधा आहे. आजपासून जे लिहाल ते युनिकोडमध्ये, स्वतःच्या हाताने. इनस्क्रिप्ट हा देवनागरी कीबोर्ड शिका किंवा फोनवर लिहिता तशी उच्चारानुसार टंकलेखनाची सोय वापरा. सुरुवातीला वेग कमी असेल, तरी दुकानाच्या फेऱ्यांपेक्षा लवकर होईल. प्रकरणांच्या शीर्षकांना वर्डमधल्या हेडिंग स्टाइल लावा, म्हणजे अनुक्रमणिका आपोआप तयार होते. संदर्भांच्या नोंदींसाठी झोटेरो हे सॉफ्टवेअर मोफत मिळतं. पुस्तक हातात असतानाच नोंद करा. पानाचा क्रमांक नंतर शोधू म्हटलं, तर त्या एका क्रमांकासाठी पुन्हा पुण्याच्या ग्रंथालयात जावं लागतं. फाईलच्या दोन प्रती ठेवा, एक ऑनलाइन आणि एक पेनड्राइव्हवर, आणि नावात तारीख घाला.

तपासणी ३: वेळ खरंच किती आहे?

एक आठवडा वहीत लिहा: संशोधनाला कोणत्या दिवशी, किती वाजता, किती वेळ बसलात. अंदाज नको, नोंद हवी. कारण पेपर तपासणी, नॅकच्या मूल्यांकनाची कागदपत्रं, निवडणुकीची ड्युटी आणि घर यांतून उरलेला वेळ आपल्याला वाटतो त्याहून फार कमी असतो, आणि तोही तुकड्यातुकड्यांत.

नोकरी करत असाल तर प्रवेशाच्या वेळी दिलेलं ना-हरकत प्रमाणपत्र काढून वाचा. अर्धवेळ पीएच.डी.साठी नियमानुसार त्यात तीन गोष्टी असतात: अर्धवेळ संशोधनाला परवानगी आहे, कामाच्या स्वरूपामुळे संशोधनाला पुरेसा वेळ मिळू शकतो, आणि गरज पडल्यास कोर्सवर्कसाठी कामातून मोकळं केलं जाईल. म्हणजे वेळ देण्याला संस्थेने लेखी होकार दिलेला आहे. प्राचार्यांकडे दोन रिकाम्या तासिका सलग मागताना हे पत्र सोबत न्या. तक्रारीचा सूर लावायची गरज नाही, मागणी नेमकी ठेवा.

सोलापुरात आणखी एक सापळा आहे, मे महिना. वर्षभर सगळे म्हणतात, सुट्टीत बसून संपवू. मे उजाडतो तेव्हा पारा ४० अंशांच्या वर असतो, दुपारी पत्र्याच्या खोलीत बसवत नाही, आणि निम्मा महिना लग्नकार्यात जातो. सुट्टीवर अख्खं प्रकरण टांगून ठेवू नका. रोज सकाळी उन्हं चढायच्या आत तासभर, वर्षभर, हे जास्त पुढे नेतं.

आठवड्याला सहा-सात तास नियमित निघत असूनही काम पुढे सरकत नसेल, तर अडचण वेळेची नाही. पुढे चला.

तपासणी ४: प्रश्न बंद आहे की उघडा?

माझ्या मते सर्वाधिक पीएच.डी. इथे अडतात, म्हणून इथे थोडं थांबते.

एक कागद घ्या आणि तुमचा संशोधन-प्रश्न एका वाक्यात लिहा. शेवटी प्रश्नचिन्ह आलं पाहिजे. मग तो तुमच्या विषयाच्या बाहेरच्या माणसाला, शेजारच्या काकूंना किंवा दहावीतल्या भाच्याला वाचून दाखवा आणि विचारा, ‘याचं उत्तर मिळालं हे मला कसं कळेल?’ त्यांना काही सांगता आलं तर प्रश्न बंद आहे, म्हणजे त्याला शेवट आहे. ते गोंधळले तर तुमच्याकडे विषय आहे, प्रश्न नाही.

उदाहरण घेऊ. ‘सोलापूर जिल्ह्यातील यंत्रमाग उद्योगाचा आर्थिक अभ्यास’. या शीर्षकाखाली १८७७ सालच्या जुन्या मिलपासून आजच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीपर्यंत सगळं येतं: सुताचे भाव, विजेचे दर, जीएसटी, निर्यात, कामगारांची मजुरी, त्यांच्या मुलांचं शिक्षण. काहीही वाचलं तरी ते उपयोगाचं वाटतं, आणि काहीच पुरेसं वाटत नाही. असा संशोधक आळशी नसतो. तो भरपूर वाचत असतो आणि तरीही जागचा हलत नाही.

आता हाच विषय असा मांडा: चादर सोडून टेरी टॉवेलकडे वळलेल्या कारखान्यांतल्या कामगाराची महिन्याची कमाई, चादरच विणणाऱ्या कारखान्यांतल्या कामगारापेक्षा अधिक स्थिर आहे का? दोन्ही माल सोलापूरचेच, दोन्हींना भौगोलिक मानांकन, पण बाजारपेठा वेगळ्या. लगेच ठरतं की कुणाला भेटायचं, काय विचारायचं, किती महिन्यांची कमाई पाहायची, आणि कुठलं वाचन सोडून द्यायचं. उत्तर ‘नाही’ आलं तरी प्रबंध पूर्ण होतो. निम्मी भीती तर इथेच जाते, कारण अनेकांना वाटतं की अपेक्षित उत्तर आलं नाही तर सगळं वाया गेलं.

विषयमंजुरीच्या वेळी शीर्षक मोठंच मंजूर झालं असेल तरी घाबरू नका. शीर्षक तसंच ठेवून उद्दिष्टं कमी करता येतात का, हे गाईडशी बोला आणि आरएसीसमोर मांडा. आरएसीसमोर दर सत्रात एकदा प्रगती मांडायची असते, तिचा उपयोग यासाठीच आहे. नऊ-दहा उद्दिष्टं लिहिलेली सिनॉप्सिस (संशोधनाची रूपरेषा) दिसली की मी ती संशोधकाच्या हातात देते आणि विचारते, ‘यातली कुठली तीन पूर्ण झाली तर हा प्रबंध उभा राहील?’ प्रामाणिक उत्तर नेहमी मिळतं. कठीण जातं ते बाकीची खोडणं, कारण प्रत्येक उद्दिष्टामागे काही महिन्यांचं वाचन असतं. ते वाचन फुकट जात नाही, पुढच्या निबंधांना उपयोगी पडतं. या प्रबंधात त्याला जागा नाही, एवढंच.

एक आणखी. तुमच्या विषयावर आधी काय झालंय ते शोधताना शोधगंगा या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहात फक्त सोलापूर विद्यापीठाच्या नावाने शोधू नका. आपलं विद्यापीठ २००४ साली स्थापन झालं आणि २०१९ साली त्याला पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर यांचं नाव मिळालं. त्याआधी इथली महाविद्यालयं कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाला जोडलेली होती, त्यामुळे सोलापूरवरचे जुने प्रबंध तिकडे नोंदलेले आहेत. हे उशिरा लक्षात आलं की लिहून झालेलं आढाव्याचं प्रकरण पुन्हा उघडावं लागतं.

तपासणी ५: रिकामे तक्ते

प्रश्न बंद आहे, पण विश्लेषणाचं प्रकरण लिहिता येत नाही? मग प्रत्येक उद्दिष्टासाठी जो तक्ता थिसिसमध्ये छापला जाणार आहे तो आत्ताच काढा. ओळींची नावं, स्तंभांची नावं, आकड्यांच्या जागा मोकळ्या. मग प्रश्नावली शेजारी ठेवा आणि प्रत्येक प्रश्नाचं उत्तर कुठल्या तक्त्यात जाणार ते लिहा.

दोन गोष्टी लगेच दिसतात. काही प्रश्न कुठल्याच तक्त्यात जात नाहीत, तो जमवलेला पण नको असलेला डेटा. आणि काही रकाने भरायला एकही प्रश्न नाही, तो हवा असलेला पण न जमवलेला डेटा. दुसरा प्रकार निघाला, तर तुमचं लिखाण का अडलं होतं हे कळलंच. त्या रकान्याशिवाय वाक्य पूर्ण होणार नव्हतं, म्हणून तुम्ही त्या पानापाशी येऊन परत फिरत होता. अशा वेळी सगळं सर्वेक्षण पुन्हा करू नका. त्याच लोकांपैकी काहींकडे पुन्हा जाऊन तेवढेच प्रश्न विचारता येतात का पाहा, नाहीतर ते उद्दिष्ट लहान करा.

नमुना ३८४ जणांचा घेतला असेल तर तो का घेतला ते स्वतःला विचारा. मोठ्या लोकसंख्येतून यादृच्छिक पद्धतीने निवड केली आणि ९५ टक्के विश्वासपातळी व ५ टक्के त्रुटी चालणार असेल, तर हा आकडा येतो. ओळखीच्या कारखान्यांतून फॉर्म भरून आणले असतील तर ३८४ असले काय आणि ५०० असले काय, त्या सूत्राचा आधार मिळत नाही. ‘सोयीनुसार नमुना’ असं स्वच्छ लिहा आणि निष्कर्षांची मर्यादा सांगा. व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेत, हे लपवलेलं चटकन उघडं पडतं, सांगितलेलं मात्र चालून जातं.

इतिहासाच्या संशोधकांसाठी प्रश्नावलीच्या जागी कागदपत्रांची यादी असते. १९३०चा सोलापूरचा मार्शल लॉ घेतला, तर मुंबईच्या पुराभिलेखागारातल्या गृह (विशेष) खात्याच्या कुठल्या फायली कुठल्या प्रकरणाला लागणार, हे आधी लिहा. नाहीतर मुंबईला जाऊन माणूस समोर येईल ते उतरवत बसतो.

तपासणी ६: क्षेत्र आणि हंगाम

काही प्रबंध चुकलेल्या एका हंगामामुळे वर्षभर मागे पडतात. ऊसतोड कामगारांवर काम करणाऱ्याने दिवाळीनंतर त्यांच्या गावी जाऊन उपयोग नाही, ते कारखान्याच्या पट्ट्यात गेलेले असतात. डाळिंबावर काम असेल तर मृग, हस्त आणि आंबे यांपैकी कुठला बहार (फुलोऱ्याचा हंगाम) धरायचा हे शेतकऱ्याशी आधीच ठरलं पाहिजे. तेल्या रोगाची निरीक्षणं घ्यायचा पावसाळी काळ हुकला, की पुढचा मृग बहार येईपर्यंत थांबणं आलं. पंढरपूर परिसरात आषाढीच्या आसपास आणि शहरात जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत मुलाखतीला सवड असलेला माणूस शोधणं अवघड जातं, यात्राच विषय असेल तर गोष्ट वेगळी. बारा महिन्यांचा तक्ता करून त्यात तुमच्या लोकांच्या कामाचे महिने आधी भरा, स्वतःची सोय नंतर.

भाषा तपासा. शहराच्या पूर्व भागात विणकर आणि विडी कामगारांच्या घरांत तेलुगू बोलली जाते, अक्कलकोट आणि दक्षिण सोलापूरकडे कन्नड. मराठी प्रश्नावलीला लोक मराठीत उत्तर देतात, पण एका शब्दात देतात. ‘प्रतिसाद उथळ आले’ म्हणून निराश झालेल्या एका विद्यार्थिनीने वस्तीतल्याच एका शिकलेल्या मुलीला सोबत घेतलं आणि तेलुगूत बोलायला सुरुवात केली. त्याच बायका तासतासभर बोलल्या. विड्या वळणारा हात चालू असतानाच बोलणं होतं, त्यामुळे त्यांच्या कामाचं नुकसानही झालं नाही. सोबत येणाऱ्या अशा मुलीला मानधन द्या आणि प्रबंधात तिचे आभार माना.

विज्ञान शाखेत हेच काम उपकरणांच्या रांगेचं असतं. नमुने बाहेरगावी तपासायला पाठवायचे असतील तर सगळे तयार होईपर्यंत थांबू नका, पहिले दोन-तीन आधी पाठवून पद्धत बरोबर आहे का ते पाहा.

तपासणी ७: गाईड

ही सातवी तपासणी आहे, पहिली नाही, हे मुद्दाम.

मागच्या सहा महिन्यांत गाईडना काय पाठवलंत ते काढा. नव्वद पानांची फाईल आणि ‘सर, बघून घ्या’ एवढा निरोप असेल, तर ती उघडली न जाणं समजण्यासारखं आहे. त्यांच्याकडे तुमच्यासारखे आणखी संशोधक असतात. नियमानुसार एका वेळी प्राध्यापकाला ८, सहयोगी प्राध्यापकाला ६ आणि सहायक प्राध्यापकाला ४ पर्यंत संशोधक घेता येतात, शिवाय अध्यापन वेगळं. दहा पानं पाठवा, सोबत तीन नेमके प्रश्न लिहा, आणि कधी भेटू ते विचारा. भेटीनंतर त्याच दिवशी ठरलेल्या गोष्टींचा चार ओळींचा ईमेल करा. त्याने तुम्हालाही आठवण राहते आणि ‘मी असं सांगितलंच नव्हतं’ ही वेळ येत नाही. व्हॉट्सॲपवरचे निरोप हरवतात, ईमेलच करा.

गाईडची निवृत्ती कधी आहे तेही पाहा. निवृत्तीपर्यंत ते आधी नोंदलेल्या संशोधकांचे मार्गदर्शक राहू शकतात, नंतर वयाच्या ७० वर्षांपर्यंत सहमार्गदर्शक. पण मुख्य मार्गदर्शक कोण होणार याची प्रक्रिया वेळ खाते. दोन वर्षं आधी विषय काढणं यात अनादर नाही, त्यांनाही सुटल्यासारखं वाटतं.

असं तीन-चार वेळा नीट पाठवूनही उत्तर येत नसेल, तर मग प्रश्न खरंच मार्गदर्शनाचा आहे. त्याबद्दल खाली.

तपासणी ८: शोधनिबंध आणि साम्य

२०२२च्या नियमावलीत सबमिशनपूर्वी शोधनिबंध छापलाच पाहिजे ही सक्ती राहिलेली नाही. विद्यापीठाची स्वतःची अट आहे का, ते पीएच.डी. विभागात विचारून घ्या आणि तेवढंच करा. पैसे घेऊन आठवड्यात छापणाऱ्या नियतकालिकांच्या मागे लागून थिसिस थांबवू नका.

साम्य तपासणी शेवटी एकदा नको, प्रत्येक प्रकरण झालं की करा. यूजीसीच्या २०१८च्या नियमांनुसार १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही. १० ते ४० टक्क्यांत ठरवून दिलेल्या मुदतीत, जास्तीत जास्त सहा महिन्यांत, सुधारित प्रबंध द्यावा लागतो. ४० ते ६० टक्क्यांना एक वर्ष सुधारित प्रबंध देता येत नाही, आणि ६० टक्क्यांपुढे नोंदणीच रद्द होते. अवतरण चिन्हांत आणि संदर्भासह दिलेला मजकूर यात धरत नाहीत. म्हणून दुसऱ्याचं वाक्य वहीत उतरवतानाच त्याला अवतरण चिन्हं घाला. दोन वर्षांनी ते वाक्य कुणाचं होतं हे तुम्हालाही ओळखू येणार नाही.

इथे थांबा आणि जाणकाराला बोलवा

*सांख्यिकी.* कुठली चाचणी लावायची हे पुस्तक वाचूनही कळत नसेल, तर संख्याशास्त्राच्या प्राध्यापकांकडे जा, आणि शक्यतो डेटा जमवण्याआधी जा. सोबत रिकामे तक्ते न्या. आलेला निकाल तुम्हाला स्वतःच्या शब्दांत सांगता येईपर्यंत उठू नका, कारण व्हायवाला उत्तर तुम्हालाच द्यायचं आहे.

*भाषा.* मुद्रितशोधकाची मदत जरूर घ्या. प्रबंध लिहून देतो म्हणणाऱ्यांकडे मात्र जाऊ नका. ती फसवणूक आहे, त्यात पदवी जाऊ शकते, आणि स्वतःच्या कामाबद्दल दोन वाक्यं बोलण्याचा आत्मविश्वास तर जातोच.

*गाईडशी वाद.* पैसे, घरची कामं किंवा भेटी मागितल्या जात असतील, काम मुद्दाम अडवलं जात असेल, तर सोसत बसू नका. संशोधन केंद्राचे प्रमुख, मग आरएसी, मग विद्यापीठाचा पीएच.डी. विभाग या क्रमाने लेखी द्या. तिथेही दाद लागली नाही तर विद्यार्थी तक्रार निवारण समिती आणि २०२३च्या यूजीसी नियमांनुसार नेमले जाणारे लोकपाल आहेत. लैंगिक छळाचा प्रकार असेल तर हा क्रम विसरा आणि थेट अंतर्गत तक्रार समितीकडे जा.

*तब्येत.* झोप उडाली आहे, फाईल नुसती पाहिली तरी रडू येतं, जगण्यात अर्थ वाटत नाही, असं दोन आठवड्यांहून जास्त चाललं असेल, तर वरची एकही तपासणी करू नका. मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक दिवसरात्र चालू असतो, मोफत आहे, मराठीत बोलता येतं. जीव द्यावासा वाटत असेल तर आत्ता, हे वाचणं थांबवून फोन करा आणि घरातल्या एकाला जवळ बसवा. मुदतीचं नंतर पाहता येतं, वैद्यकीय कारणासाठी अर्जही करता येतो.

*मुदत उलटली असेल तर.* इथे कुणाच्या ऐकीव सल्ल्यावर जाऊ नका, माझ्याही नाही. पहिल्या तपासणीतला तारखांचा कागद, सगळ्या पत्रांच्या प्रती, झालेल्या प्रकरणांची छापील पानं आणि गाईडचं पत्र घेऊन केगावला विद्यापीठाच्या पीएच.डी. विभागात स्वतः जा. पुनर्नोंदणी तुमच्या नियमावलीत बसते का, ते लेखी विचारा, अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्या, आणि ती प्रत फायलीत सगळ्यात वर लावा.